हात बांधलेल्या बाई

जुलै १९९७. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, परवावर आला होता आणि मी आमच्या बारामतीच्या बालवाडीच्या ओट्यावर बसून माती चाळत होते. खडे एका बाजूला, काड्या एका बाजूला. हे काम माझं नव्हतं. माझ्या हाताखालच्या ज्या बाईचं होतं, ती जूनपासून येत नव्हती. माती चाळून झाल्यावर बैल मुलांनी करायचे की मी, हे अजून ठरवलं नव्हतं. आणि चाळताना तिचं एकच वाक्य सारखं आठवत होतं, "बांध गं माझे हात."

हस्तकलेच्या तासाला तिचं पहिलं काम हेच. मुलांपुढे माती नाहीतर कागद ठेवायचे, खुंटीवरची लाल रिबीन काढायची, पाठ करून बसायचं आणि एखाद्या पोरीला म्हणायचं, "बांध गं माझे हात. घट्ट बांध. सैल ऱ्हायलं तर मी तुमचं समदं करून टाकीन." पोरं खूश. बाईंना बांधायला मिळतं म्हणून त्या दिवशी सहसा कोणी गैरहजर राहत नसे.

बालवाडीचं प्रदर्शन तुम्ही पाहिलं असेल, तर चार वर्षांच्या मुलाच्या नावाची चिठ्ठी लावलेला तो सुबक आकाशकंदील कोणी केलेला असतो, हे तुम्हाला सांगायला नको. मुलं घरी गेली की आम्ही बायका बसायचो. कातरायचं, चिकटवायचं, चिठ्ठ्या लावायच्या. पालक खूश, संस्था खूश. माझा हात चांगला होता. माझे बैल बाजारात ठेवले असते तर विकले गेले असते.

ती काटेवाडीहून एसटीने यायची आणि पिशवीत मोसमाप्रमाणे काहीतरी आणायची. पावसाळ्यात ठसे उमटवायला जून भेंड्या. दिवाळीआधी किल्ल्यासाठी तांबडी माती. गळीत सुरू झालं की उसाचं वाळलेलं पाचट. एका वर्षी मुलांनी पाचटाच्या टोप्या केल्या आणि सगळा वर्ग दिवसभर मान खाजवत बसला. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "मोठ्या बाई, खाजलं तवा कळलं की त्यान्ला, पाचट डोक्यावर घ्यायचं नसतं म्हणून."

बैल करताना एखादं पोरगं हटकून विचारायचं, "बाई, बरोबर हाय का?"

"मला नको इचारू. त्येलाच इचार, चारा खाशील का म्हणून."

पोरगं खरंच बैल कानाशी धरून उत्तराची वाट बघायचं.

एकदा संस्थेचे सचिव न सांगता वर्गात आले. बघतात तर बाईंचे हात बांधलेले आणि मुलं कोपरापर्यंत चिखलात. "काय हो, पोरांनी बंड केलं का?" त्यांनी विचारलं. मी हसले, पण ते हसले नाहीत. ऑफिसात आल्यावर त्यांनी मला बजावलं, "शेजारी इंग्रजी शाळा निघालीय. पालक हातचे चाललेत. ह्या बाईंबद्दल एक जरी तक्रार आली, तर पुढच्या जूनला त्यांची ऑर्डर निघणार नाही."

तिची नेमणूक वर्षावर्षाची होती. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरात दोन मुलं. मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. "निदान बेंदराला तरी नीटनेटके बैल घरी जाऊ देत," म्हटलं. तिने ऐकून घेतलं, "व्हय" म्हणाली, आणि दुसऱ्याच तासाला रिबीन काढून पोरींपुढे पाठ करून बसली.

मी माणूस व्यवहारी. दोन चांगले बैल स्वतः केले, वाळवले आणि कपाटात ठेवले. कोणी तक्रार घेऊन आलंच, तर बदलून द्यायला.

तक्रार आलीच. गेल्या वर्षी बेंदराच्या सकाळी कन्हेरीचे एक तात्या आले. सचिवांच्या रोजच्या उठण्याबसण्यातले. एका हाताला नात, दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेला बैल. मुलांना सोडायला आलेले पालक ओट्यावरच होते. तात्यांनी सगळ्यांदेखत टॉवेल उलगडला.

"बाई, ह्यो बैल हाय व्हय? पाय कुठं हायती ह्येचं? मान मुरगाळल्यागत. औंदा दावणीला जनावर न्हाय आमच्या, ट्रॅक्टर घेतला. सांजच्याला पाटावर ह्योच ठेवायचा, ह्येलाच निवद दावायचा. मोडका बैल कुणी पुजतं व्हय?"

मी किल्ली घेऊन कपाटाकडे निघाले.

"थांबा जरा, मोठ्या बाई," ती म्हणाली. पोरीसमोर उकिडवी बसली. रिबीन नव्हती, तरी दोन्ही हात पाठीमागे.

"बसलाय का गं ह्यो?"

"व्हय."

"कुठं बसलाय?"

"टेंपूत."

"आन् मान का अशी?"

"आमच्याकडं बगतोय."

तात्यांनी बैल डोळ्यांजवळ नेला, फिरवून फिरवून पाहिला. "ढवळ्या हाय," ते म्हणाले. "टेंपूत चढवला, पर उभाच ऱ्हाईना त्या दिशी." मग आवाज चढवून विचारलं, "शिंगाला बेगड न्हाय लावली ती? का संपली तुमच्याकडची?"

बेगड नव्हती. मुलांनी जमवलेली चॉकलेटची चांदी होती. तिने चांदी आणि खळीची वाटी पुढे ठेवली. तात्या चिकटवायला वाकले, तर ही म्हणते, "तिलाच लावू द्या. तुमी हात मागं घ्या, तात्या."

मला वाटलं, आता मात्र हिची नोकरी गेली. पण तात्यांनी निमूट हात मागे घेतले आणि एका हाताने दुसरं मनगट धरून उभे राहिले. नातीने जीभ बाहेर काढून एक शिंग पुरं मढवलं. दुसऱ्याला चांदी पुरली नाही.

"असू दे," तात्या म्हणाले. "चल. पोळ्या व्हायच्यात अजून."

तक्रार सचिवांपर्यंत गेली नाही. यंदा जूनमध्ये तिची ऑर्डर निघाली, पण तिनेच ती घेतली नाही. नवऱ्याला लोणी देवकरच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. बिऱ्हाड इंदापूरला हलवलं. निरोप घ्यायला आली तेव्हा घाईत होती, एसटीची वेळ झाली होती. खुंटीवरची रिबीन मात्र न विसरता काढून घेतली. ती तिच्या मुलीची होती.

माती चाळून झाली तेव्हा कमी भरली. यंदा वर्गात मुलं जास्त होती. तरी तेवढीच भिजत घातली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. माझे दोन बैल तसेच होते. सरळ पाठ, सारखी शिंगं, चारही पाय जागेवर. दोन्ही फोडून बादलीत टाकले. कच्चीच माती ती, लगेच विरघळली. सगळी एकत्र मळली आणि मुलांपुढे गोळे ठेवले. हात धुतले, पुसले. रिबीन नव्हती, म्हणून ऑफिसातली सुतळी आणली आणि पहिल्या रांगेतल्या पोरीपुढे पाठ करून बसले.

"बांध," म्हटलं. "आणि घट्ट बांध. माझा हात चांगला आहे."