वन्संची सुधारलेली प्रत

माझ्या थोरल्या नणंदेइतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस साऱ्या पुण्यात नव्हतं, आणि त्यांच्यासमोर मोकळेपणाने बोलू शकेल असं माणूस आमच्या घरात नव्हतं. वन्संची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम, पण लाइन नीट लागली की नाही हे बघण्यापुरतं ऐकावंच लागे, आणि वन्सं ते बघणं जरा सावकाश उरकत. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "लाइन लागली नाही" एवढं म्हणून विषय संपवत. पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले, लोक आपापला नंबर आपणच फिरवू लागले, आणि वन्संना दिवसभर हेडफोन लावून नुसतं बसायची वेळ आली. त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत कादंबरी लिहायला बसल्या.

तेव्हापासून आम्हां नातेवाइकांचे हाल सुरू झाले. जेवताना मी नवऱ्याला "भाजीत मीठ कमी आहे का हो?" असं विचारलं, की वन्सं घास हातात धरून म्हणत, "थांब. तुला मिठाचं विचारायचंच नाहीये. तुला तो गप्प का आहे ते विचारायचंय. माणसं मुद्द्याचं कधी बोलतच नाहीत." त्यांचं बरोबर असे, म्हणून तर जास्त राग येई. एकदा आमच्या चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला त्या काकूंशेजारी जाऊन बसल्या. बाकीच्या बायका धीराचं बोलत होत्या. वन्संनी हळूच विचारलं, "ते गेले तेव्हा गॅसवर काय होतं?" काकू रडायच्या थांबल्या. म्हणाल्या, "भात होता. लागला." आणि मग त्या दिवसांत पहिल्यांदाच त्या सगळं नीट सांगत सुटल्या. आम्ही शरमेने मान खाली घालून बसलो होतो. काकू मात्र पुढे कायम वन्संनाच बोलावून घेत.

कादंबरी पुरी झाली तेव्हा माझा मुलगा कॉलेजात होता. घरात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याने एका सुट्टीत आत्याची सगळी कादंबरी टाइप करून दिली. छापील दिसणारी ती पानं छातीशी धरून वन्सं पेठेतल्या एका प्रकाशकाकडे गेल्या. त्यांनी "बघतो" म्हटलं, आणि ते बघणं काही वर्षं चाललं. वन्सं अधूनमधून जाऊन दारात उभ्या राहत. तोवर प्रकाशकांच्या दुकानातल्या कथा-कादंबऱ्या मागच्या फळ्यांवर गेल्या होत्या आणि पुढे कॉम्प्युटर शिकवणारी जाडजूड गाइडं आली होती. शेवटी प्रकाशक म्हणाले, "बाई, लिहिलंय तुम्ही बरं. पण वाचणारा आता नोकरीला लागलाय."

"मग रविवारी वाचेल," वन्सं म्हणाल्या.

"रविवारी तो झोपतो."

वन्संनी ती पानं परत घेतली. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "दोष माझ्यातच असणार. आणखी शिकायला हवं."

आणि साठी उलटून गेलेल्या वन्सं कथालेखनाच्या कार्यशाळेत जाऊन बसल्या. शिकवणारा तरुण एरवी एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तो म्हणाला, "काकू, विशेषणं फार आहेत. वाचकावर विश्वास ठेवा." वन्संनी इतका विश्वास ठेवला, की घरातसुद्धा विशेषणं वापरणं सोडलं. चहा कसा झालाय म्हणून विचारलं तर म्हणत, "चहा झालाय." पुढची कितीतरी वर्षं त्या हातानेच कादंबरी पुन्हा पुन्हा लिहीत राहिल्या. प्रत्येक वेळी ती बारीक होई, आणि दिवाळी अंकांकडे पाठवलेले तुकडे परत येत. त्याही बारीक होत चालल्या होत्या.

त्यांच्या पंचाहत्तरीला माझ्या मुलाने बेत केला. तो आता हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर होता. कुणालाही न सांगता त्याने आत्याची कादंबरी छापून घेतली. समारंभात लाल फीत सोडून त्याने पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं, नातेवाइकांना एकेक प्रत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी पहिलं पान वाचलं, मग मधलं एक उघडलं.

"कुठली प्रत घेतलीस रे?"

"मीच टाइप केलेली, आत्या. जपून ठेवली होती मी."

त्या जुन्या प्रतीनंतर केलेलं सारं काम घरी कपाटात पडून होतं. वन्सं क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान झालंय." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. मुलाचे डोळे भरून आले.

दुसऱ्या आठवड्यापासून त्या घरोघर जाऊ लागल्या. पर्समध्ये पेन्सिल. ज्याच्याकडे पुस्तक असेल त्याच्या घरी बसून त्या विशेषणं खोडत. आधी कात्रजच्या दुसऱ्या भावाकडे जाऊन आल्या, मग आमच्याकडे, मार्केट यार्डाजवळ. "तुझ्या लेकाला सांगू नकोस," एवढंच मला बजावलं. आमची प्रत कोरीच होती, कुणी उघडलेलीही नव्हती. त्यांनी ते पाहिलं आणि पेन्सिल काढली.

दुपारभर पेन्सिल चालू होती. मग ती थांबली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर वन्सं एक पान मोठ्याने वाचत होत्या. परदेशी गेलेल्या मुलाला आई फोन करते. तिला सांगायचंय की तुझे वडील आता ओळखत नाहीत; आणि ती नुसती विचारत राहते, तिकडे थंडी पडली का, स्वेटर नेलास तो पुरतो का. वाचताना वन्संचा आवाज ओला झाला.

"हे कुणी लिहिलं गं?"

"तुम्हीच की वन्सं."

"नव्या प्रतीत हे पान मी काढून टाकलंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला काही येत नव्हतं."

मी चहा आणला. तो त्यांनी घेतला, पुस्तक मिटलं आणि लवकरच निघाल्या. पुढे कुणाच्या घरी त्या गेल्या नाहीत. थंडीत, झोपेतच, वन्सं गेल्या. सगळं आवरून झाल्यावर आमची प्रत मी पहिल्यांदा वाचायला घेतली. त्या पानापर्यंत ओळीओळीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. त्यानंतर नुसती कादंबरी आहे.