डावखुऱ्या बोंडेवाल्याच्या हातातलं घड्याळ

माझं घड्याळ दोनशे मीटर खोल पाण्यात गेलं तरी त्याला काही होत नाही. असं त्याच्या पाठीवर कोरलेलं आहे. आम्ही राहतो वर्ध्याजवळ नालवाडीत, नळ येतो एक दिवसाआड. जवळची नदी म्हणजे पवनारची धाम, आणि उन्हाळ्यात तिच्यात गुडघे भिजवायचे तर खाली बसावं लागतं. मग हे पाणबुड्यांचं घड्याळ मी घेतलं कशाला? आवडलं म्हणून! बावन्न वर्षांच्या माणसानं एक वस्तू स्वतःसाठी आवडली म्हणून घेतली तर एवढं काय आभाळ कोसळलं?

तसं ते महागही नव्हतं. निळी तबकडी, जाड काच, काचेभोवती कट्‌ कट्‌ फिरणारं कडं. पाणबुडे म्हणे पाण्यात उतरताना ते कडं फिरवून ठेवतात, किती मिनिटं झाली ते कळावं म्हणून. आणि मुख्य गंमत म्हणजे त्यात सेल नाही, चावी द्यावी लागत नाही. हात हलला की आपोआप चालतं. मी आठ दिवस ऑफिसात बाही वर करूनच बसलो होतो.

आता घरातली परिस्थिती सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली होती. बायको शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत एकदम पुस्तकी बोलते, घरी राग आला की सरळ वऱ्हाडी. तिच्या वडिलांचा एक पाय याच साखरेपायी गुडघ्याखालून गेला. शेवटची वर्षं ते कारंज्याला घरापुढे खुर्ची टाकून हायवेवरचे ट्रक मोजत बसायचे, पायजम्याचा एक पाय दुमडून पिन लावलेला. त्यामुळे माझा रिपोर्ट पाहून तिनं दोन हुकूम काढले. एक, रोज सकाळी चाळीस मिनिटं चालायचं. दोन, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासेपर्यंत गोरसपाक, म्हणजे आमची गाईच्या तुपातली गोड बिस्किटं, बंद. डबा कपाटात, किल्ली तिच्या पर्समध्ये. माणूस वर्ध्यात जन्मला आणि त्याला गोरसपाक बंद, हा न्याय आहे का?

मी रोज सकाळी पांढरे बूट घालून बाहेर पडायचो, हे मात्र अगदी खरं. चौकातल्या आलूबोंड्याच्या ठेल्यापर्यंत चालतच जायचो, तेही खरं. पुढची पस्तीस मिनिटं मी बाकावर असायचो. बोंडा एकच खायचो. बरं, दोन.

घड्याळ घेतल्याच्या दुसऱ्या सोमवारी पाहतो तर बंद! वीस मिनिटं ऑफिसला उशीर. मी ऑनलाइन कंपनीला, कुरियरवाल्याला आणि एकूणच जमान्याला शिव्या घातल्या. संध्याकाळी ते घेऊन स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडे गेलो. बायकोला भाजी घ्यायची होती, म्हणून तीही सोबत. म्हातारबुवांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ कानाशी धरून चारदा हलवलं, आणि काटा निमूटपणे चालायला लागला.

"घडी एकदम टंच आहे," ते म्हणाले. "तुम्ही काय करता भाऊ?"

"क्लार्क आहो."

"मंग बराबर आहे."

"काय बराबर आहे?" बायकोनं विचारलं.

"ही हातावर चालते ना मॅडम. हातच नाई हलला, तं दीड-दोन दिवसांत बंद पडते. बसून राहणाऱ्या मानसाची पडतेच."

"पण हे तं रोज सकाळी चाळीस मिनिटं फिरतात!"

म्हातारबुवांनी भिंग काढलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. माणूस भला, भिंग पुसायला लागला. पण जे समजायचं ते तिला समजलं. भाजी न घेताच ती घराकडे वळली. घरी आल्यावर घड्याळ माझ्या मनगटावर स्वतःच्या हातानं बांधलं आणि म्हणाली, "आता मी काही विचारणार नाई. हे बंद पडलं, का मले समजलं."

म्हणजे पहा, मी घड्याळ म्हणून घेतलं आणि घरात आला पोलीस.

कोणाही शहाण्या माणसानं इथे चालायला सुरुवात केली असती. मी डोकं चालवायला सुरुवात केली. ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या हात झटकून पाहिला, तर शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "मुंग्या आल्या का हो?" घरी टेबलफॅनच्या मानेला बांधून पाहिलं, तर ते सुटून डाळीच्या डब्यात जाऊन पडलं. आणि एका सकाळी बाकावर बसलेलो असताना माझं लक्ष बोंडेवाल्याकडे गेलं.

तो मोठ्या गंजात बेसन फेटत होता. काय हात होता बापा! घमघम घमघम, थांबायचं नावच नाही. आणि माझं नशीब असं की माणूस डावखुरा.

"भाऊ, जरासाक हे घालून फेटता का?" मी विचारलं.

"काऊन?"

मी कारण सांगितलं. तो इतका हसला की झारा कढईत पडला. पण घड्याळ घातलं. शौकानं घातलं. दोनशे मीटरचं ऐकून म्हणाला, "मंग बेसनात काय होते याले!"

त्यानंतर आमचा नेमच पडला. सकाळी पोहोचलो की घड्याळ त्याच्या हातात, मी बाकावर. निघताना तो फडक्यानं पुसून परत द्यायचा. घड्याळ असं धावायला लागलं की सांगता सोय नाही. रविवारी मी दिवसभर लोळलो तरी सोमवारी चालूच. बायको रोज संध्याकाळी माझं मनगट धरून काटा पाहायची आणि खूष व्हायची. एकदा म्हणाली, "तुमचं पोट बी उतरल्यासारखं दिसते." मला तिच्या खूष होण्याची लाज वाटायची. पण लाज वाटून मी दुसऱ्या दिवशी जायचो कुठे, तर बाकावरच.

दोन महिने निघाले. मग एका रविवारी तिनं कुकर लावला. "जरा घड्याळ द्या, वीस मिनिटं लावतो," म्हणून तिनं माझ्या हातातून ते काढून घेतलं. आमच्याकडे बायाही 'लावतो'च म्हणतात. तिनं कडं फिरवायला घेतलं. फिरेना. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा.

तिनं सेफ्टीपिन घेतली आणि कड्याच्या खाचेतून पिवळं पिवळं काहीतरी कोरून काढलं. बशीत ठेवलं. वास घेतला. शेवटी, विज्ञानाची शिक्षिकाच ती, बोटावर घेऊन चाखलं.

"ओवा," ती म्हणाली. "मीठ जास्त झालं."

"घाम असेल," मी म्हणालो.

"तुमच्या घामात ओवा कधीपासून आहे?"

मला वाटलं, आता भांडी वाजणार. काहीच वाजलं नाही. ती बशी ओट्यावर ठेवून तिथंच उभी राहिली, आणि कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करायचं तिला सुचलं नाही. मीच केला. डाळीचा लगदा झाला. तो आम्ही दोघांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरे बूट घालून पाहतो, तर ती आधीच तयार. साडी, त्याखाली माझेच जुने बूट, आणि मनगटावर माझं घड्याळ. माझ्यापुढे चालत ती थेट ठेल्यावर गेली आणि बाकावर माझ्या जागेवर बसली. बोंडेवाल्याचा फेटणारा हात थांबला.

"दोन बोंडे द्या," ती म्हणाली.

"मॅडम, माही काही गलती नाई..." तो सुरू झाला.

"तुमची कायची गलती? द्या तुम्ही." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी बी रोज इथंच बसत जातो आता. तुमचा पाय गेल्यावर मी एकटी कुठी फिरू? बाबाच्या खुर्चीपाशी बसायची सवय आहेच मले. आतापासून बसलेलं बरं."

आवाज मुळीच चढवला नाही. बोंडा हातात घेतला, पण खाईना. हात थरथरत होता आणि त्यावर माझं घड्याळ, बिचारं, आपोआप चालत होतं. मला बाकावर टेकवेना. मी उभाच राहिलो.

"चाल," मी म्हणालो. "ऊठ. चाल ना!"

तिनं दोन्ही बोंडे कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले आणि कडं फिरवलं. कट्‌ कट्‌ कट्‌. धुतल्यावर ते अगदी लोण्यासारखं फिरत होतं. आम्ही निघालो. बऱ्याच वेळानं मी धापा टाकत विचारलं, "किती झाले?"

"अकरा."

"फक्त? घड्याळ बिघडलं असेल."

"तुम्ही बिघडले आहा. चला."

बोंडे घरी येईपर्यंत थंड झाले होते. ते शेजारणीच्या गाईनं खाल्ले.

तीन महिने पुरे झाले तेव्हा रक्त तपासायला मीच आणखी महिनाभर मागून घेतला, आणि तिनं तो दिला. रिपोर्ट आला. साखर उतरली होती. फार नाही, पण उतरली होती. डॉक्टरांनी विचारलं, औषध काय बदललं? ती म्हणाली, "घड्याळ." डॉक्टरांना काही कळलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

घड्याळ अजून तिच्याच हातावर आहे. परत मागायचं मला तोंड नाही. बोंडेवाला मात्र मी दिसलो की चौकशी करतो, जणू त्याचीच मुलगी आमच्याकडे दिली आहे.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तिनं पर्समधून किल्ली काढली, कपाट उघडलं, डब्यातून एक गोरसपाक काढला आणि त्याचे दोन तुकडे केले. लहान माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकतो न टाकतो तोच मागून आवाज आला. कट्‌ कट्‌ कट्‌.

"बूट घाला," ती म्हणाली.