दुसऱ्याचा खडा

दवाखान्याच्या पाटीवर 'मूत्ररोग शल्यचिकित्सक' असं लिहिलेलं होतं, पण कळ आलेल्या माणसाला एवढं वाचायचा धीर नसतो. लोक सरळ म्हणत, खडेवाले डॉक्टर.

तरुणपणी त्यांचं काम लोकांना समजायला सोपं होतं. कुशीत वीतभर चिरा, आत हात, बाहेर खडा. खडा गॉजच्या तुकड्यावर ठेवून डॉक्टर दाराबाहेर येत, नातेवाईक माना पुढे काढून बघत आणि एखादा काका हमखास म्हणे, "एवढ्याशाने गडी लोळवला बघा." ते दर्शन झालं की ऑपरेशन यशस्वी.

मग लेसर आला. लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण आत जाई, खड्याची भुकटी होई आणि पाण्याबरोबर वाहून जाई. पेशंट दुसऱ्या दिवशी चालत घरी. विज्ञानाची एवढी प्रगती नातेवाइकांना सोसली नाही. "चिरा नाही, टाका नाही, खडाही नाही," एका सासऱ्यांनी सिस्टरना बाजूला घेऊन विचारलं, "मग जावयाला आत नुसतं झोपवलं होतं का?"

शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला म्हणून जुन्या ऑपरेशनांचे खडे एका बरणीत साठवलेले होते. अगदीच हट्टाला पेटलेल्या नातेवाइकाला डॉक्टर त्यातला एक बारका खडा बाटलीत घालून देऊ लागले. ते खोटं बोलत नसत. नुसती बाटली पुढे करत. उरलेलं खोटं समोरचा आपल्या आपण पूर्ण करी.

भूल द्यायला त्यांची बायकोच असे. हात धुता धुता ती विचारी, "दिलंस का स्मृतिचिन्ह?"

"समाधान होतं गं त्यांचं."

"तुझं होतं. त्यांचे प्रश्न थांबतात म्हणून."

कंडक्टरबाई आल्या त्या याच दिवसांत. बसच्या मार्गावर बाईमाणसाला जायची सोय नाही, म्हणून त्या ड्युटीवर पाणीच पीत नसत. खडा फोडला, वाहून गेला. नवरा रंगाच्या कारखान्यात माल तपासणारा. डबा उघडून काडी बुडवल्याशिवाय त्याने आयुष्यात काही पास केलं नव्हतं. "नमुना बघायला मिळेल का?" त्याने विचारलं. डॉक्टरांचं पुढचं ऑपरेशन खोळंबलं होतं. त्यांनी बाटली दिली.

अशी बाटली शोकेसमध्ये ठेवून पाहुण्यांना दाखवायची असते, एवढं त्या सरळ माणसाला ठाऊक नव्हतं. त्याने ती प्रयोगशाळेत नेऊन दिली आणि थोड्या दिवसांनी रिपोर्ट घेऊन आला.

"युरिक ॲसिडचा खडा निघाला, डॉक्टर. म्हणजे मूळ सापडलं."

मूळ कुठे आहे हे त्या खोलीत फक्त डॉक्टरांना ठाऊक होतं. शब्द अगदी जिभेवर आले. पण बाहेर बाकांवर माणसं ताटकळत होती आणि समोरचा चेहरा फार समाधानी होता. "पाणी भरपूर प्यायला सांगा," ते म्हणाले. पाणी कुणाला बाधत नाही, या हिशेबाने त्यांनी स्वतःला सोडून दिलं.

पण नुसत्या पाण्यावर भागवून घेणारा तो माणूस नव्हता. घराजवळच्या डॉक्टरने रिपोर्ट पाहिला, बाईंचं मटण, मासे आणि डाळी बंद केल्या आणि लघवीतलं आम्ल कमी करणारं सिरप सुरू केलं. छापील कागदावर शंका घ्यायचं त्या बिचाऱ्याला काही कारण नव्हतं.

दीड वर्षाने बाई परत आल्या त्या ताप आणि कंबरेतली कळ घेऊन. स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडात खडा हरणाच्या शिंगांसारखा फांद्या फोडून बसलेला. मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलेलं. बाईंचा खडा मुळात दुसऱ्या जातीचा होता. ज्या सिरपने युरिक ॲसिडचा खडा विरघळतो, त्याच सिरपवर हा पोसला होता.

दुपारी जेवताना डॉक्टर म्हणाले, "सिरप बंद करायला सांगतो. खड्याची जात कधी कधी बदलते, हेही काही खोटं नाही."

"नाहीच," बायको म्हणाली. "ते वाक्य माझ्याकडे बघून म्हण."

ते ताटाकडे बघत राहिले.

"आणि तिचं ते मूत्रपिंड नाहीच वाचलं, तर तेव्हा सांगणार?"

"भात वाढ थोडा," डॉक्टर म्हणाले. तिने वाढला. त्यांनी खाल्ला नाही.

ताप उतरल्यावर बाई आणि त्यांचा नवरा समोर येऊन बसले.

"सिरप आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले.

"का?" नवऱ्याने विचारलं. "रिपोर्टमध्ये चूक आहे का?"

"रिपोर्ट बरोबर आहे," ते म्हणाले. "खडा यांचा नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

"नमुना बदलला," नवरा हळूच म्हणाला. त्याच्या कारखान्यात या गोष्टीला एवढंच नाव होतं. "आमच्याकडे यावर माणसाला घरी बसवतात."

बाईंनी विचारलं, "म्हणजे दीड वर्ष मी पथ्य पाळलं ते कुणाचं?"

"माहीत नाही."

"तो तरी बरा असेल," बाई म्हणाल्या. "आता ऑपरेशन कोण करणार?"

"ही ऑपरेशनं इथे मीच सर्वांत जास्त केली आहेत. पण तुमचा विश्वास..."

"त्याचं राहू द्या. दुसरं कोण आहे?"

दुसरा होता. पूर्वी यांच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं मोठं हॉस्पिटल काढून बसलेला. त्याच्याबद्दल डॉक्टर चारचौघांत फारसं चांगलं बोलत नसत. त्यांनी फोन लावला.

"आवाज मोठा करा," नवरा म्हणाला. "आम्हालाही ऐकू दे."

डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला. "एक पेशंट पाठवतोय. उजवीकडे मोठा खडा आहे. मध्यंतरी चुकीचं सिरप दिलं गेलं..."

"असं नाही," बाई म्हणाल्या. "बाटलीपासून सांगा."

डॉक्टरांनी बाटलीपासून सांगितलं.

"सर," पलीकडचा म्हणाला, "हे मी केसपेपरवर लिहायचं कसं?"

बाई डॉक्टरांकडे बघत होत्या.

"सांगितलं तसंच लिही," ते म्हणाले. "माझ्या नावासकट."

बाईंनी पर्स उचलली. "आता त्यांचा पत्ता द्या," त्या म्हणाल्या.