म्हाळाचं दुसरं पान

नवरा लढाईवरून धडधाकट परत आला म्हणून गावातल्या बायका माझ्यावर जळत होत्या, आणि मी जळत होते एका फोटोवर.

बाहत्तर साल. आमचे हवालदार सुट्टीवर आले. भाकरतुकडा ओवाळून घरात घेतलं, तर ट्रंकेतून पहिल्यांदा काय काढलं? बाईचा फोटो! सलवार-कमीज, कडेवर पोर, लय देखणी. जळलेल्या पाकिस्तानी रणगाड्यापाशी सापडला म्हणे. तो ठेवला कोनाड्यात, माझ्या कुंकवाच्या करंड्याशेजारी. साताऱ्याला जाऊन आपला जोडीनं फोटो काढू, म्हणून मी लग्नापासून मागं लागले होते. त्यासाठी मात्र ह्यांना कधी सवड झाली नाही.

येता-जाता हे तिच्याकडं बघत बसायचे. मी नवं लुगडं नेसले तरी लक्ष नाही.

"एवढी आवडली तर घिऊनच यायची व्हती," मी एकदा फटकारलं. हसलेसुद्धा नाहीत.

मग एके दिवशी बघते तर फळीवरचे माझे डबे खाली, आणि डब्यांखाली अंथरलेला जुना पेपर हे उभ्या-उभ्या वाचतायत. लढाईच्या आधीच्या पावसाळ्यातला. पाकिस्तानला शस्त्रं द्यायला अमेरिकेत बंदी होती, तरी रणगाड्यांचे सुटे भाग घेऊन जहाजं निघाली कशी, असा जाब तिथल्याच संसदेतल्या माणसांनी त्यांच्याच सरकारला विचारला होता. तो तेलकट कागद ह्यांनी घडी घालून फोटोमागं ठेवला. झालं! माझ्या फळीचा कागदसुद्धा तिलाच.

"आदीच इचारलं व्हतं गं," ते म्हणाले. "तरी जहाज गेलंच."

भाद्रपदात सासऱ्यांचा म्हाळ घातला. कावळ्यासाठी पान वाढून मी छपराकडं निघाले, तर मागून हे फोटोकडं बोट करून म्हणाले, "आजून एक वाढ. हिच्या मालकाला."

माझं डोकंच फिरलं. "आवं, मुसलमानाला म्हाळ घालत्यात व्हय? तिकडं सांगलीकडं माझा बाप गेला, त्याच्या नावानं कवा घास काढला न्हाई ह्या घरात! कोण लागती ती तुमची?"

"तो हात वर करून रणगाड्यातनं बाहीर आला व्हता," ते म्हणाले. "धुरात मला दिसलं न्हाई. मी गोळी घातली."

आणि माझ्या पदरात तोंड घालून रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याजवळ आले, ते असे. मी गुपचूप दुसरं पान वाढलं. खीर जरा जास्तच घातली.

आता हे नाहीत. म्हाळाला मीच दोन पानं वाढते. फोटो अजून कोनाड्यात आहे, शेजारचा करंडा रिकामा आहे. आता आम्ही दोघी सारख्याच, तरी माझा जळफळाट काही जात नाही. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते, तेव्हा ह्यांनी डोळे उघडून विचारलं, "तिचं पोर मोठं झालं असंल न्हाई?"

माझ्याबद्दल एक शब्द नाही.