आयर्लंडच्या उन्हातली आई

जन्मभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून काचपट्टीवरची पेशी न् पेशी अचूक ओळखणाऱ्या मालिनीनं एका चित्रात मात्र साफ घोळ घातला होता. अमेरिकेत ती राहायची त्या कॅरी गावाहून अर्ध्या तासावरच्या म्युझियममध्ये ते आयरिश चित्र होतं. नुसते रंगांचे फटकारे. जवळ गेलं तर काही कळू नये, चार पावलं मागं आलं की ऊन हलायला लागावं. त्या उन्हात एक बाई शाल कमरेला खोचून, वाकून, गोवऱ्या वाळत घालत होती. चेहरा धूसर.

मालिनीच्या आईचा एकही फोटो नव्हता. ती बार्शीजवळच्या खेड्यात गोवऱ्या थापून विकायची, हे मालिनीनं इथं चाळीस वर्षांत कुणाला कळू दिलं नव्हतं. "आई घरीच असायची," म्हणून ती वेळ मारून न्यायची. रिटायर झाल्यापासून मात्र ती दर गुरुवारी त्या चित्रासमोर येऊन बसे. बसल्या बसल्या ऊन अंगावर उतरायचं, ओल्या शेणाचा वास यायचा, दुपार कुठं विरघळायची कळायचं नाही.

पुढं ती तिथंच व्हॉलंटियर गाइड झाली आणि ट्रेनिंगच्या कागदांत कळलं, त्या गोवऱ्या नव्हेतच. तिकडं दलदलीतली माती कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. मालिनीला आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

एका शनिवारी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका म्युझियम बघायला आल्या. चित्रांपेक्षा कॅफेवरच त्यांची भक्ती जास्त, तरी मालिनीनं दलदल, माती, सगळं कागदाबरहुकूम सांगितलं.

"सॉरी काकू," त्यांच्याबरोबर आलेली, भारतातून नुकतीच शिकायला आलेली नेत्रा म्हणाली, "मला या गोवऱ्याच वाटल्या."

"ई, शेण?" मंडळाची सेक्रेटरी आसावरी हसली. "कुठल्या गावची गं तू?"

नेत्रा कानकोंडी झाली. "नाही, म्हणजे... फोटोत पाहिल्यात कुठंतरी."

ते खोटं मालिनीच्या चांगलंच ओळखीचं होतं. तिला पोरीची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"मलाही गोवऱ्याच वाटल्या होत्या," ती म्हणाली. "माझी आई थापायची. पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकायची."

आसावरीचं हसू मावळलं. नेत्रानं हळूच विचारलं, "आई दिसायला कशा होत्या हो?"

चित्राकडे पाठ करून मालिनी आईचे डोळे, नाक, हनुवटीवरचं गोंदण सांगत राहिली.