अर्जातला तिसरा मुद्दा

मी तीस वर्षं पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातला बराच काळ अर्जलेखनात घालवला. अर्जात मुद्दे तीनच हवेत, हा माझा नियम. एक मुद्दा असला तर ती कुरकुर, दोन असले तर भांडण, तीन झाले की निवेदन. मुलं हे परीक्षेपुरतं शिकली आणि विसरली, शहाणी होती. मी विसरले नाही.

निवृत्त झाल्यावर सोसायटीची सगळी निवेदनं आपोआप माझ्याकडे येऊ लागली. अक्षर चांगलं आणि वेळ भरपूर, अशी माझी ख्याती. त्यामुळे बससेवा सुधारायचं सरकारने मनावर घेतलं आणि नागरिकांच्या सूचना मागवल्या, तेव्हा सोसायटीने मलाच पुढे केलं. एका सभागृहात खात्याच्या साहेबांचं सादरीकरण होतं. पडद्यावर विजेवर चालणाऱ्या थंडगार बस होत्या आणि रस्त्यावर एकही खड्डा नव्हता, म्हणजे तो रस्ता पनवेलचा नव्हता. बस घ्यायला निधी वरून येणार होता. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, की चालवायला पैसा कुठून येणार? त्यांना सगळ्यांच्या आधी चहा देण्यात आला. आपल्याकडे लग्नाला कर्ज मिळतं, संसाराला मिळत नाही, हे आजोबांना या वयातही कळू नये याचं साहेबांना वाईट वाटलं असावं.

मी घरी येऊन लिहायला बसले. पहिला मुद्दा, बस वाढवा, तासतास उभं राहावं लागतं. दुसरा, थांब्याला छप्पर द्या, कारण आम्ही उभे असतो तिथून न्हावा शेव्याचे कंटेनर अगदी पदराला वारा लावून जातात. तिसरा काही केल्या सुचेना. दोन मुद्द्यांवर सही करायला हात धजेना. मग उरणच्या बहिणीकडून येतानाची सकाळची बस आठवली आणि मी लिहून टाकलं, ‘मासळीच्या पाट्यांमुळे प्रवाशांना दुर्गंधीचा त्रास होतो.’ दुर्गंधी हा शब्द मला फार शोभून दिसला. त्याच दुपारी मी बांगड्याचं कालवण भुरके मारत जेवले होते, आणि ते बांगडे त्याच बसमधून आले होते.

ते आणणारी मावशी वीस वर्षं माझ्याकडे येत होती. करंज्याच्या बंदरावर पहाटे लिलावात मासळी घ्यायची, उरणला येऊन पनवेलची बस पकडायची, असा तिचा आणि तिच्याबरोबरच्या चार-पाच जणींचा दिवस. त्या जुन्या बसमध्ये मागच्या दाराजवळची जागा पाट्यांची, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. पाटीवर ओलं गोणपाट, पाटीचं वेगळं तिकीट, आणि पाणी सांडलं तर जिचं सांडलं तिने पुसायचं. कितीतरी प्रवासी पनवेल येण्याआधीच गोणपाट उचलून आपला वाटा ठरवून ठेवत. मावशी आमच्याकडे स्वयंपाकघरात येऊन, पाट पुढे ओढून, बुडाशी अर्धी साखर असलेला चहा घ्यायची आणि मग मासळी कापून द्यायची. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात तिने मला महिनाभर काळजीने निवडून मासे आणले. हे सगळं तिसरा मुद्दा लिहिताना आठवलं नाही. मुद्दा आठवत होता.

नव्या बस आल्या. आल्या तेव्हा नारळ फुटला, पण चार्ज करायच्या यंत्रांचा निधी दुसऱ्या खात्याकडे असल्यामुळे काही महिने त्या आगारात हारांसकट उभ्या राहिल्या. झेंडू वाळले. मग यंत्रं आली, पुन्हा नारळ फुटला. बस ठेकेदाराच्या, आणि ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर. माणसं चढली काय न चढली काय, चाक फिरलं म्हणजे झालं. त्यामुळे थांब्यावर हात दाखवणाऱ्या माणसाकडे चालक असा बघतो, जसं काही आपण त्याचा प्रवास अडवतोय. बस वाढल्या नाहीत. जितक्या जुन्या गेल्या त्याहून कमीच नव्या आल्या. छपराचा प्रस्ताव विचाराधीन आहे. माझ्या अर्जातला एकच मुद्दा अमलात आला, कारण त्याला निधी लागत नव्हता. बसच्या दाराशेजारी पाटी लागली : मासळी व ओले सामान नेण्यास मनाई.

मावशी टेम्पोने येऊ लागली. टेम्पो भरल्याशिवाय सुटत नाही आणि सुटला तरी आधी मार्केटला जातो. ती आमच्या दारात पोहोचेपर्यंत अकरा वाजायचे. तोवर सोसायटीतल्या बायका डबे घेऊन कामावर गेलेल्या असायच्या, आणि बऱ्याच जणी आता मोबाईलवरून खोक्यातली मासळी मागवतात. रोजची ती आठवड्यातून दोनदा यायला लागली. पनवेलची घरं सुटली तर बंदरावरच दलाल देईल त्या भावाने विकायला लागेल, असं ती एकदा चहा पिता पिता म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, तुमचा अक्षर चांगला हाय. सरकारला लिवा ना, आमाला पाट्या घेऊन बसू द्या मनून. तुमचा आयकतील.”

माझं ऐकतात हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी लिहिलं, तीन मुद्द्यांत, अगदी जीव ओतून. दुर्गंधी हा शब्द टाळला. त्यात मी सुचवलं, की मागे पाट्यांसाठी कप्पा करा, सकाळची एक बस तरी मोकळ्या खिडक्यांची ठेवा. आधीच्या अर्जाबद्दल मात्र तिला बोलले नाही. एकदा ही मनाईची पाटी निघाली की सांगायची गरजच राहणार नाही, असा माझा हिशोब होता. सरकारी योजना अशाच हिशोबावर चालतात.

उत्तर लवकर आलं. उत्तर आल्याचा निरोप ऐकून मावशी दुसऱ्या दिवशी नव्या बसनेच आली, रिकाम्या हातांनी, धुतलेलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून. स्वयंपाकघरात पाटावर बसली. मी कागद वाचायला घेतला आणि चौथ्या ओळीवर अडखळले. तिला वाचता येत नाही. ती ओळ गाळता आली असती. पण तीस वर्षं मुलांना ओळी गाळू नका म्हणून दटावलं होतं, म्हणून वाचली. सदर मनाई ही आपल्याच निवेदनातील दुर्गंधीविषयक मुद्दा क्रमांक तीन अन्वये करण्यात आलेली असून, प्रवाशांचे समाधान लक्षात घेता तीत बदल करता येत नाही. खाली माझ्या त्या अर्जाची तारीख होती आणि माझं नाव होतं.

मला क्षमा मागायची होती. मी बोलायला लागले ते मात्र निवेदनात तीन मुद्दे कसे लागतात याबद्दल. मावशीने ऐकून घेतलं. मग अर्धा राहिलेला चहा घेऊन ती उठली आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

मी दारात गेले आणि म्हणाले, “मावशी, आत या.”

ती बशीत चहा ओतत म्हणाली, “नको बाई. घरान वास ऱ्हाईल.”