माह्या हातावरचं सुमनचं घड्याळ

रोहण्यात पोळ्याले हातावर घड्याळ घालून मिरवनारा पह्यला मानूस मीच, बाप्पा! घड्याळ माह्यं नव्हतं, अन् त्यात टाइमबी दिसत नव्हता.

हे आजवर कोनाले सांगतलं नाई. तशा माह्या फजितीच्या गोठी — म्हशीवरून शेनात पडलो, सोयऱ्याच्या लग्नात भलत्याच मांडवात जेवून आलो — साऱ्या गावाले पाठ आहेत. मंग हेच काऊन राह्यलं? यावर कोनी हासलं नसतं, म्हनून.

भाऊ, आनीबानी उठली त्या वर्साची गोठ. माह्यी बायको सुमन — लेकरू पोटातच गेलं, तवापासून चूप झाली. भिंतीकडं तोंड करून बसे. बसली का बसलीच. समोरची भाकर वाळून जाये. मी सोंगं करो, नकला करो. सारी आळी हासे. ती नाई.

वर्ध्याच्या डाक्टरनं तिच्या हातावर एक यंत्र बांधलं. दिसाले घड्याळ, पन हात हालला तरच त्याचे काटे सरकत. डाक्टर म्हने, बाई बोलत नाई, तर हात किती हालते ते पाहू. त्यावरून दवाई ठरवू, भरती कराचं का ते ठरवू. पोळा झाला का आना. आंघोळीबिगर काढू नका.

मी काढलं.

लोकाईच्या हाती बैलाचा कासरा, माह्या हाती घड्याळ! तोरनाखाली हात वर करकरून झडत्या म्हनल्या — पोळ्याची चिडवाचिडवीची गानी — अन् नाचलो. कोनी टाइम इचारला का म्हनो, "तुह्यी बायको घरी वाट पाहून राह्यली, इतके वाजले!" लोकं पोट धरून हासले.

घरी आलो तं माह्यी तशीच — भिंतीकडं. मी घड्याळ काढलं. तिनं मनगट पुढं केलं. काटे कुठच्या कुठं गेलते.

डाक्टर खूश! म्हने, बाई चांगली हिंडून-फिरून राह्यली. भरतीची गरज नाई म्हने, गोळ्याबी कमी केल्या. मी समोरच उभा. तोंड नव्हतं का मले? दिवसभर चालनारं तोंड! डाक्टर रागवन म्हनून चूप बसलो — का गाव हासन म्हनून? गावानं हासावं म्हनूनच तं जगत होतो ना मी?

दिवाळीच्या आंधी ती विहिरीत सापडली. जित्ती निंगाली. तिचा भाऊ तिले कारंज्याले आपल्या घरी घेऊन गेला, मंग नागपूरले दवाई केली. हळूहळू बोलाले लागली.

मी आनाले गेलतो. एस्टीत बसून नवी नकल बसवली होती — डाक्टरची. ओसरीवर करून दाखवली. तिचा भाऊबी हासला. सुमननं हातातलं सूप खाली ठेवलं.

"मले बोलता येत नव्हतं," ती म्हने. "माह्या हातानं सांगतलं असतं डाक्टरले. तिथंबी तुमीच बोलले. जा आता."